चारशे कॅसेट आणि पहाटेचा ललत: घरचा म्युझिक सर्व्हर कसा निवडावा

आमच्या घरच्या सर्व्हरसाठी पहिली अट आईनं घातली. "पहाटे साडेपाचला मला ललत ऐकू यायला हवा, आणि त्याकरता मोबाइल हातात घ्यायला लावू नकोस." आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. बाबा होते तोवर पहाटे टेपरेकॉर्डरचं बटण खटकन दाबल्याचा आवाज आला की रामबागेतलं आमचं घर जागं व्हायचं. ते गेले आणि मागे ४१२ कॅसेट, ३८ स्पूल (मोठ्या चकत्यांवर गुंडाळलेल्या टेपा), २६० सीडी आणि शाईच्या पेनानं लिहिलेल्या तीन वह्या राहिल्या. वह्यांत प्रत्येक टेपची तारीख, ठिकाण, राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, सगळं आहे. हे संगणकावर उतरवायला मला दोन वर्षं लागली, आणि ते ऐकायला घरात काय ठेवावं हे ठरवायला आणखी सहा महिने. माळ्यावर टेपांचे डबे असलेली घरं आपल्या इंदूरला पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. सर्व्हर, सर्व्हर म्हणतात त्यात खरं तर तीन कामं असतात. गाणी साठवणारी डिस्क, त्या गाण्यांची यादी सांभाळून मागाल ते पुरवणारं सॉफ्टवेअर, आणि अँपाला (अँप्लिफायरला) किंवा स्पीकरला जोडलेला, प्रत्यक्ष वाजवणारा प्लेअर. तिन्ही एकाच देखण्या डब्यात विकत मिळतात. माझं मत स्पष्ट आहे: एकत्र घेऊ नका. डिस्क पाच-सात वर्षांत थकते, सॉफ्टवेअर बदलतं, अँप मात्र तीस वर्षं चालतो. तिघांची आयुष्यं वेगळी आहेत, तर एकाच्या दुखण्यापायी बाकीच्या दोघांना बदलायची वेळ येऊ नये.

मी बत्तीस वर्षं वीज मंडळात हिशेबाला होते, त्यामुळे खरेदीआधी मोजायला बसले. तुम्हीही बसा. सीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटचा असतो, तासाला साधारण ६३५ एमबी. तो फ्लॅक या दाबलेल्या फाइलप्रकारात ठेवला की निम्म्याच्या जरा वर जागा लागते, म्हणजे एका सीडीला ३५० एमबी धरा. माझ्या २६० सीडी झाल्या सुमारे ९० जीबी. टेप मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवल्या. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनंही कमीत कमी हेच प्रमाण सुचवलेलं आहे. त्याला तासाला १ जीबीच्या थोडं वर लागतं, फ्लॅक केल्यावर त्याचे दोन तृतीयांश. टेपची खरखर दाबून लहान होत नाही, म्हणून इथे बचत कमी. चारशे बारा कॅसेटचे साधारण ४७० तास, म्हणजे तीनशे-सव्वातीनशे जीबी. स्पूलवर बाबांचा फार जीव होता, ते मी ९६ किलोहर्ट्झवर घेतले. त्यांचे आणखी शंभरेक जीबी. सगळा संग्रह ५०० जीबीच्या आसपास बसला. मला जेल रोडवर आणि सिल्व्हर मॉलमध्ये फिरताना आठ-आठ टीबीचे, दोन डिस्कवाले मोठे डबे दाखवले गेले होते. दोन टीबीत माझं काम झालं आणि वाढायला जागाही उरली. जुन्या बैठकांचं मुद्रण बहुतेक मोनो असतं. ते मोनोच ठेवलंत तर जागा निम्मी.

फ्लॅक का, तर ते दाबलेलं असूनही आवाजातला एकही बिट गमावत नाही, त्याचे नियम खुले आहेत, आणि प्रत्येक फाइलच्या पोटात मूळ आवाजाची एक तपासखूण लिहिलेली असते. दहा वर्षांनी फाइल शाबूत आहे की नाही हे त्या खुणेवरून तपासता येतं. वेव्ह फाइलमध्ये टॅग, म्हणजे फाइलीतच लिहिलेली गायक, राग, वर्ष अशी माहिती, नीट टिकत नाहीत, म्हणून ती टाळा. एमपीथ्री फक्त गाडीतल्या पेन ड्राइव्हसाठी. उतरवताना डेकच्या हेडचा कोन, ज्याला अझिमथ म्हणतात, तो प्रत्येक कॅसेटला तपासून घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसत राहा, आणि खरखर काढायचा मोह मूळ फाइलवर मुळीच करू नका. खरखरीसोबत तंबोऱ्याच्या जवारीचा, म्हणजे तारांच्या झणकाराचा, अंशही जातो. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डबा विकत घेण्याआधी सॉफ्टवेअर निवडा. बरीचशी फुकट मिळतात आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर चालतात, तेव्हा चाचणीला एक पैसा लागत नाही. मी माझ्या संग्रहातून वीस फाइल काढल्या, आणि मुद्दाम अवघड अशाच काढल्या. सत्तर मिनिटांचा एकच ख्याल, मधे तुकडा नाही. आलाप, जोड, झाला असे तीन ट्रॅक केलेली पण सलग वाजायला हवी अशी सतार. दोन गायकांची जुगलबंदी. पाच गायकांचं एक संमेलन. तारीख माहीत नसलेली टेप. मोनो फाइल. ९६ किलोहर्ट्झचा स्पूल. लांबलचक मराठी नाव असलेलं नाट्यगीत. या वीस फाइल प्रत्येक सॉफ्टवेअरला घालायच्या आणि आठवडाभर घरातल्या सगळ्यांनी वापरायचं. जाहिरातीतल्या गुणांच्या यादीपेक्षा या आठवड्यानं मला जास्त शिकवलं.

तीन ट्रॅकमधे आवाज तुटतो का, हे पहिलं पाहा. आलाप संपून जोडात शिरताना अर्ध्या सेकंदाची जरी खाच पडली तरी सगळी बैठक विस्कटते. हे सर्व्हर आणि प्लेअर दोघांवर अवलंबून असतं, म्हणून जो प्लेअर घेणार त्याच्यावरच तपासा. दुसरं, मराठी शोध. 'मारवा' असं देवनागरीत टाइप करून मारवा सापडतो का? तिसरं, राग आणि ताल यांवरून वाट काढता येते का? अमीर खाँसाहेब आमच्या इंदूरचे. त्यांचा अतिविलंबित झुमरा ताल ज्याच्या कानात बसला आहे त्याला कधीतरी झुमऱ्यातले सगळे बडे ख्याल ओळीनं ऐकावेसे वाटतातच. गायक, अल्बम आणि वर्ष एवढ्यावरच थांबणारं सॉफ्टवेअर हे देऊ शकत नाही. आपल्या संगीताला अल्बम हा खरा एकक नाहीच, राग हा आहे.

मी तीन जवळून पाहिली. लिरिऑन म्युझिक सर्व्हरचा इतिहास मला फार बोलका वाटला. हे सॉफ्टवेअर २००१च्या सुमारास स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीच्या प्लेअरसोबत आलं, २००६ साली ती कंपनी लॉजिटेकनं घेतली, २०१२मध्ये प्लेअर बनणं थांबलं, २०२४मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद झाली. पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर खुलं होतं, म्हणून ते वापरणाऱ्यांनी जिवंत ठेवलं आणि आज नव्या नावानं चालू आहे. सर्व्हर निवडताना हा प्रश्न विचाराच: कंपनी उद्या गेली तर माझं काय उरेल? लिरिऑनमध्ये फोल्डरनं फिरता येतं, प्रत्येक खोलीतल्या प्लेअरला वेगळं किंवा एकत्र वाजवता येतं, आणि प्रत्येक प्लेअरला गजर लावता येतो. त्या गजरावर आमचा निर्णय झाला.

नेव्हिड्रोम हलकं आहे, देखणं आहे, मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी उत्तम. त्याच्याशी बोलणारी ॲप्स पुष्कळ आहेत. त्याचा सगळा भर टॅगवर आहे, तेव्हा टॅग कच्चे असतील तर आधी ते पक्के करा. मिनिमसर्व्हर दिसायला रूक्ष, पण स्वतःचे टॅग बनवून त्यांवर अनुक्रमणिका मागण्यात त्याचा हात धरणारं मी पाहिलं नाही. रागानुसार, तालानुसार, साथीदारानुसार, हवं तसं. तुम्ही एकटे ऐकणार असाल, एकाच खोलीत, आणि वह्या ठेवायची सवय असेल, तर मी ते सुचवेन. रून नावाचं एक वर्गणी घेणारं सॉफ्टवेअर आहे. संग्रह बाजारात निघालेल्या सीडींचा असेल तर ते प्रत्येक वादकाची माहिती छान गोळा करतं. आमच्या देवासहून नकलून आणलेल्या टेपांची माहिती कुठल्याही जागतिक यादीत नाही, त्यामुळे त्याचा आम्हाला उपयोग नव्हता. देवासच्या कुमार गंधर्वांनी रचलेले मधसुरजा, संजारी, लगनगांधार हे राग ओळखणारी यादी बाबांच्या वहीतच आहे.

यावरून टॅगकडे येते, आणि इथे जरा थांबते, कारण सर्व्हर वाईट आहे अशी तक्रार घेऊन जे माझ्याकडे आले त्यातल्या बहुतेकांचे टॅग वाईट होते. पं. कुमार गंधर्व, पंडित कुमार गंधर्व आणि नुसतं कुमार गंधर्व ही संगणकाला तीन वेगळी माणसं वाटतात. अमीर खाँ, अमीर खान, अमीरखां यांचंही तेच. आदर मनात ठेवून पंडित, उस्ताद, बुवा ही बिरुदं नावाच्या रकान्यातून काढा, नाहीतर निम्मा संग्रह 'प'खाली आणि निम्मा 'उ'खाली जमतो. प्रत्येक नावाचं एकच रूप ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रागांचंही तसंच: मालकंस की मालकौंस, ललत की ललित, एक ठरवा. नातवंडं इंग्रजी अक्षरांत शोधतात, म्हणून टिपणाच्या रकान्यात रागाचं इंग्रजी लेखनही घालून ठेवा. पण त्या रकान्यातलं शोधात येतं का हे आधी वीस फाइलींवर बघा.

संमेलनाच्या टेपेवर पाच गायक असतील तर 'अल्बम आर्टिस्ट' या रकान्यात पाचही ट्रॅकना एकच मजकूर हवा, मी संमेलनाचं नाव लिहिते. तो रिकामा सोडलात तर एका टेपेचे पाच तुकडे होऊन पाच ठिकाणी दिसतात. रागासाठी स्वतंत्र टॅग बनवा, आणि सॉफ्टवेअर तो वाचत नसेल तर तोच राग 'जॉनर'च्या रकान्यातही लिहा. तो रकाना सगळी सॉफ्टवेअरं वाचतात. 'हिंदुस्तानी शास्त्रीय' असं तिथे लिहून काही साधत नाही, चारशे टेपांवर तेच येणार. वर्षाचे आकडे मात्र इंग्रजी अंकांतच टाका, मराठी अंक सॉफ्टवेअरला वर्ष म्हणून कळत नाहीत. विंडोजवर हे सगळं करायला एमपीथ्रीटॅग पुरेसं आहे. नाव काही असो, ते फ्लॅकही हाताळतं.

फाइलींच्या नावांबाबत एक गोष्ट मला ठेच लागून कळली. लिनक्सवरच्या डिस्कमध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन. म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून जेमतेम ८५ चिन्हं. मी बंदिशीची अख्खी ओळ नावात लिहीत होते, आणि विंडोजवरून नकलताना चाळीसएक फाइली मागे राहिल्या. नाव आखूड ठेवा, बंदिश टॅगमध्ये लिहा. फोल्डर मी असे लावले आहेत: आधी गायक, त्यात वर्ष-महिना-दिवस आणि गाव, त्यात अनुक्रमांक घातलेले राग. तारीख उलटी, वर्ष आधी, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

आपोआप टॅग लावणारी सॉफ्टवेअरं बाजारी सीडींसाठी वापरा, खाजगी मुद्रणाला त्यांचा हात लागू देऊ नका. माझ्या भाच्यानं मदत म्हणून एका रात्रीत सगळ्यावर तसं एक चालवलं आणि सकाळी बाबांच्या गणेशोत्सवातल्या टेपा भलत्याच अल्बमांच्या नावावर गेलेल्या होत्या. वही होती म्हणून निभावलं. तीन आठवडे गेले.

आता डबा. संगीत पुरवणं हे फार हलकं काम आहे. सीडीच्या दर्जाचा फ्लॅक वायफायवरून जायला सेकंदाला एक मेगाबिटही पुरतो. मोठा प्रोसेसर लागत नाही. रास्पबेरी पाय ४ सारखा तळहाताएवढा संगणक साधारण ५ वॅट खातो. वर्षभर अखंड चालला तर ४४ युनिट. युनिटला सात रुपये धरले तर तीनशेच्या आसपास. जुना डेस्कटॉप ६० वॅट खात असेल तर ५२५ युनिट, म्हणजे पावणेचार हजारांजवळ, तेही दरवर्षी. जुना लॅपटॉप मधे पडतो, १५ वॅटच्या आसपास, आणि त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस होतो. घरात धड लॅपटॉप पडून असेल तर खुशाल तोच वापरा, फक्त महिन्यातून एकदा पालथा करून बॅटरी फुगली नाही ना हे बघा. आधीच घरात फोटोंसाठी दोन डिस्कचा नेटवर्क स्टोरेज डबा असेल तर त्यावरही ही सॉफ्टवेअरं चालतात. नुसत्या संगीतासाठी तो विकत घ्यावा असं मला वाटत नाही.

रास्पबेरी पाय घेणाऱ्यांनी दोन पथ्यं पाळावीत. मोबाइलचा चार्जर लावू नका, त्याचाच ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर घ्या, कारण पायच्या चारही यूएसबी खाचा मिळून १.२ अँपिअरच देतात आणि ताण आला की डिस्क अधूनमधून दिसेनाशी होते. दुसरं, साधी ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी कार्डवर ठेवली तर ते सतत लिहिलं जातं. इंदूरला पहिल्या पावसाच्या वाऱ्यात दिवे दहा वेळा जाऊन येतात. तशाच एका जून महिन्यात माझं कार्ड गेलं. गाणी वेगळ्या एसएसडीवर होती म्हणून एकही फाइल हरवली नाही. त्यानंतर मी पायकोअरप्लेअर हे संगीतासाठीचं छोटं ऑपरेटिंग सॉफ्टवेअर बसवलं. ते सुरू होताना स्वतःला मेमरीत चढवून घेतं आणि कार्डावर सतत लिहीत नाही, त्यामुळे दिवे गेले तरी सिस्टिम सहसा बिघडत नाही. लिरिऑन त्यातच चालतं. राउटर आणि पाय दोघांना मिळून एक छोटा यूपीएस पुरे.

डबा ऐकायच्या खोलीत ठेवू नका. फिरती हार्ड डिस्क आणि पंखा यांची घरघर मंद्रातल्या षड्जाशी भांडते. आमचा राउटरशेजारी, जिन्याखालच्या फडताळात आहे. आणि महागड्या सर्व्हरनं आवाज सुधारतो असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, फाइल तीच, बिट तेच, मग बदललं काय? आवाज बदलतो तो डॅकनं (फाइलीतल्या आकड्यांचा अँपाला कळणारा संकेत करणाऱ्या उपकरणानं), अँपानं आणि सगळ्यात जास्त स्पीकरनं आणि खोलीनं. वाचलेले पैसे तिथे घाला. आमचा बाबांचाच जुना अँप आहे. त्याच्या ऑक्स या खाचेत एक यूएसबी डॅक आला, एवढंच.

आईच्या खोलीत पडद्याचं काही ठेवलं नाही. एक छोटा प्लेअर, एक स्पीकर, आणि चार प्रीसेट बटणांचा रिमोट. एकवर सकाळचे राग, दोनवर नाट्यगीतं, तीनवर भजनं, चारवर बाबांची आवडती यादी. बटणांवर मी रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. साडेपाचचा गजर लिरिऑनमध्ये आहे, आवाज हळूहळू चढता ठेवला आहे. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला शिकवावं न लागता वापरता येईल, हे निवडीच्या यादीत मी सॉफ्टवेअरच्याही वर ठेवते.

राहिला बॅकअप. दोन डिस्क आरशासारख्या ठेवल्या म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. तुम्ही चुकून एक फोल्डर पुसलंत तर ते त्याच क्षणी दोन्हीकडून पुसलं जातं. वेगळी डिस्क हवी, एरवी सुटी काढून ठेवलेली, आणि आणखी एक घराबाहेर. माझी तिसरी प्रत उज्जैनला भावाकडे असते. गणपतीला तो येतो तेव्हा डिस्क घेऊन येतो. आधी घरची फ्लॅक फाइलन्‌फाइल तपासखुणेनं पडताळते, मग नवी भर त्याच्या डिस्कवर चढवते, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती त्याच्या पिशवीत परत जाते. तीन वह्यांच्या पानांचे फोटोही त्याच डिस्कवर आहेत, सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये.